भिंतीत मिटणारी खाट

खंडाळा, ९ जून २०२४

दादा, नमस्कार.

फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि वहिनीमार्फत मापं सांगितली की सहाचे नऊ होतात, म्हणून कागदावर लिहिते. ग्राइंडरपाशी वीस वर्षं काढल्यावर कान राहतील कसे.

काम असं आहे. संयूच्या खोलीतला लाकडी दिवाण काल बाहेर काढला. आठ दिवस खोलीत वास मारत होता. ती सारखी म्हणायची, आई, काहीतरी सडलंय. मी तिलाच बोलत होते, ओले टॉवेल टाकून ठेवतेस म्हणून. काल फळी उचलली तर खणात उंदरीण व्यालेली. संयूच्या शाळेच्या जुन्या स्वेटरात गुलाबी पिल्लं, दोन मेलेली आणि त्यांना मुंग्या लागलेल्या. एक माझ्या हाताला लागलं. चार वेळा हात धुतले, तरी जेवताना घास तोंडाजवळ नेला की कसंतरी होतं. आणि असल्यावर माझी पोरगी आठ दिवस झोपत होती.

आता तिला नवीन काहीतरी हवं. खोली आठ फूट बाय साडेसहा. गॅलरी बंद करून केलेली, तू पाहिलीच आहेस. दार आत उघडतं. बारावीचं वर्ष म्हणून टेबल बसलंच पाहिजे. पोरगी सतराची झाली, माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे. यांनी एका दुकानात सोफा-कम-बेड पाहून ठेवलाय. दिसायला छान आहे. पण तू खाटा करणारा माणूस, तुला विचारल्याशिवाय घेऊ नये असं वाटलं.

तुझी दीपमाला

कुपवाड, १४ जून

दिपा,

पत्र आलं. जेवताना वाचलं ही चूक झाली.

दाजींनी बघितलेला तो सोफा घेऊ नका. मागल्या म्हैन्यात विश्रामबागेत एकाकडं तसलाच दुरुस्तीला बघितला. भुश्श्याचा बोर्ड, वरनं सागाचा कागद चिकटवलेला. पावसाळ्यात पाणी प्यालं आन भाकरीगत फुगलं. बोट लावलं तर चिखल बोटाला आला, आन त्यात झुरळांची अंडी. लोकं त्यावर पांढरी चादर घालून पाव्हणे झोपवतात. मला तर त्या घरात च्या पण पिऊ वाटंना.

पेटीची खाट म्हणशील तर तिचा परताप तू हातानंच बघितलास. उंच खाट करून खाली टेबल ठेवायची आता फॅशन हाय, पण तुमचा स्लॅब नऊ फुटांवर. पोरगी उठून बसली की डोकं पंख्यात, आन उन्हाळ्यात वरनं भट्टी.

माझ्या मतानं भिंतीत मिटणारी खाट करावी. भिंतीला लोखंडी चौकट मारायची. झोपताना खाली घ्यायची, उठल्यावर उचलून लावली की कपाटागत दिसती. दोन्ही अंगाला गॅसचे दांडे बसवतो, एका हातानं उचलती. खाली सगळी जागा मोकळी.

पण झोपणाऱ्याला इचारल्याबिगर मी खाट करत न्हाई. संयूलाच लिव्हायला सांग. कुशीवर झोपती का पालथी, पाय पसरती का, दुपारची आडवी पडती का. दुपारी पडायची सवय आसंल तर ही खाट तिला जाच करंल, सारखी वरखाली. मग दुसरं काय तरी काढू.

जोतिबा

खंडाळा, २३ जून

दादा,

भिंतीतली खाटच कर. यांना ती कल्पना फार आवडली. तुझं पत्र घेऊन दोनदा वाचलं. म्हणाले, तुझा भाऊ हुशार आहे, कुपवाडात कुजतोय.

संयूनं तुझ्या प्रश्नांचं काही लिहिलेलं नाही. तू काही मनावर घेऊ नको, तिचे क्लास सुरू झालेत. दुपारी आडवं पडायचा या वर्षात प्रश्नच येत नाही, असं यांचं म्हणणं.

यांनी एक गोष्ट सांगितली आहे. खाट वर गेली की तिला चांगलं कुलूप असावं, कपाटाला असतं तसं. शेजारची लहान मुलं येतात, ओढून अंगावर पडायला नको. रंग करडा चालेल.

दीपमाला

कुपवाड, १८ जुलै

दिपा,

टेम्पोबरोबर धुळाला पाठवतोय. धुळा माझा जुना फिटर, दोन तासांत बसवंल. त्याला जेवल्याबिगर सोडू नको. मी सोता आलो आसतो, पण शाळेच्या बाकड्यांची ऑर्डर गळ्यापातूर आलीया.

चौकट चांगल्या जाड चॅनेलची हाय, दोन हत्ती झोपले तरी वाकायची न्हाई. दाजी म्हणाले ते कुलूप डोक्यात बसलं होतं, त्यावर तीन दिवस घालवले. एका किल्लीनं तीन ठिकाणी खिट्टी बसती. पहार घातली तरी उघडायचं न्हाई. येवढं चांगलं काम मी औंदा दुसरं केलं न्हाई. किल्ल्या दोन दिल्यात.

संयूला म्हणावं, मामानं पाठीला मऊ लागावं म्हणून पत्रा न मारता पट्ट्या मारल्यात. चांगली झोप.

जोतिबा

खंडाळा, ६ नोव्हेंबर

दादा,

भाऊबीजेला आलो नाही म्हणून वहिनी रागावली असेल. संयूची परीक्षा होती. क्लासच्या चाचणीत ती बाविसाव्यावरून नववी आली. हे रोज शेजाऱ्यांना खोली दाखवतात. परवा शेजारचे नानासो आले होते, त्यांना तर खाट दिसलीच नाही, कपाट समजून हात लावून बघितला. एवढीशी खोली, पण दिवसा हॉलसारखी वाटते.

संयू थोडी वाळली आहे. पाठ दुखते म्हणते. वाढीचं वय आहे.

एक छोटं काम. कुलपाची आणखी एक किल्ली करून पाठवशील का? इथे एकच आहे आणि ती यांच्याकडे असते. माझ्या नावानं पाठव. यांना सांगायची काही गरज नाही, उगीच हरवली वाटेल.

बाकी ठीक. उसाला तोड आली का?

दीपमाला

कुपवाड, ११ नोव्हेंबर

दिपा,

किल्ली सोबत घातलीया. पण धुळाला इचारलं, त्यानं आईची शपथ घेऊन सांगितलं, दोन्ही किल्ल्या दाजींच्या हातात दिल्या. मग एकच कशी?

आन मला दुसरं कळंना. ती खाट रोज वापरात हाय. पोरगी झोपती, उठती, लावून टाकती. त्यात कुलपाचं काम काय? पोरांच्या भ्यानं लावत आसाल तर किल्ली वरच राहू द्या की. घरच्या माणसाला घरच्या खाटंची चोरून किल्ली मागायची पाळी का आली? सरळ लिही. मी भाऊ हाय तुझा, गिऱ्हाईक न्हाई.

जोतिबा

खंडाळा, १९ नोव्हेंबर

प्रिय मामा,

हे पत्र मी कॉलेजच्या वाटेवरच्या पेटीत टाकणार आहे. उत्तर घरी पाठवू नका.

तुमची किल्ली पप्पांनी पाकीट फोडून काढली. किल्ली जेवणाच्या ताटाशेजारी ठेवली आणि जेवले. आई जेवली नाही. मामा, आता किल्ली पाठवू नका.

तुम्ही जूनमध्ये विचारलं होतं, मी कशी झोपते. मी दोन पानं लिहिली होती. पप्पा म्हणाले, याची गरज नाही.

खाट पहाटे साडेचारला वर जाते आणि रात्री अकराला खाली येते. रविवारीसुद्धा. मधल्या वेळात कुलूप असतं. टेबलाच्या वर पप्पांनी छोटा कॅमेरा लावला आहे, पप्पांच्या कंपनीच्या गेटवर असतो तसा. खुर्ची काढून स्टूल दिलं आहे, कारण खुर्चीला पाठ असते. हॉलमध्येही कॅमेरा आहे. आतल्या खोलीत पप्पा असतात, त्यांची रात्रपाळी असली की दिवसा तेच झोपतात.

कॅमेरा नाही अशी एकच जागा आहे, बाथरूम. मामा, मी तिथे झोपते. संडास आणि बाथरूम एकच आहे. भांड्याच्या या बाजूला फरशी कोरडी करून बादली उशाशी घेते. आई बाहेर उभी राहून सांगते, संयू अंघोळ करतेय. नळ थोडा सुरू ठेवावा लागतो. पंधरा मिनिटं मिळतात, पप्पा गाढ झोपले असले तर वीस. पाळीच्या दिवसांत मी तिथेच बसून असते. पहिल्यांदा वासानं उलटी झाली होती. आता वास येत नाही. वास येत नाही याचीच मला जास्त घाण वाटते. कॉलेजात मैत्रीण जवळ बसली की मी सरकून बसते, माझ्या केसांना येत असेल म्हणून.

पप्पा मारत नाहीत. ओरडतसुद्धा नाहीत. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर तुम्हाला वेगळं वाटेल.

तुम्हाला जमलं तर एक करा. पाठ असलेलं स्टूल करता येतं का? लांबून स्टूलच दिसेल असं.

तुमची संयोगिता

खंडाळा, २० नोव्हेंबर

श्री. जोतिबा यांस सप्रेम जयहिंद.

आपण दीपमालाच्या नावे पाठवलेली किल्ली यासोबत परत करत आहे. घरातल्या बायकांच्या मायेपोटी मुलांचं नुकसान होतं हे आपणही जाणता. राग नाही.

आपली वस्तू अव्वल दर्जाची आहे. मी फौजेत सतरा वर्षं पहाटे बिस्तरा गोल केला, त्यानं माझं काही बिघडलं नाही. शिपाई म्हणून भरती झालो, हवालदार म्हणून घरी आलो. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान डॉक्टरीणबाई लष्करी इस्पितळाच्या वॉर्डात आल्या की आम्ही खुर्ची सोडून उभे राहायचो. मला माझी मुलगी त्यांच्या खुर्चीत बघायची आहे. यात माझा काय फायदा? मे महिन्यात मेडिकलची प्रवेश परीक्षा, म्हणजे पाच-सहा महिन्यांचा प्रश्न आहे. माणूस दिवसा आडवा झाला की संपला. समोर अंथरूण दिसलं की मन तिकडे जातं, म्हणून ते दिसू नये एवढीच व्यवस्था मी केली. आणि ती आपल्या कारागिरीमुळे शक्य झाली, हे मी चार लोकांत सांगतो.

आपला,
मानसिंग

कुपवाड, २ डिसेंबर

दिपा,

काल मी जेवल्याबिगर निघालो, तू फाटकापातूर आलीस, तवा मला बोलता आलं न्हाई. आता लिव्हतो.

मी न सांगता आलो कारण मला बघायचं होतं. दार दाजींनी उघडलं. लय खूश झाले. नानासोबी बसलेले. दाजी म्हणाले, "या, कारागीर आले. नानासो, ह्यांचंच ते काम." आन मला हाताला धरून खोलीत नेलं. खिशातनं किल्ली काढली, खाट खाली घेतली. चादरीला सुरकुती न्हाई. पुन्ना वर घातली, कुलूप लावलं. माझं तीन दिवसांचं काम खट्कन बसलं. तो आवाज मला बहिऱ्याला ऐकू आला.

मी म्हणलं, "संयू कुठाय?"

दाजी म्हणाले, "अंघोळीला गेली आसंल."

बाथरूमबाहेर तू टॉवेल घेऊन उभी. माझ्याकडं बघून हसलीस. दिपा, ते हसू मला इसरता येईना. दुपारचे बारा वाजलेले, आन भिताडावरच्या पायपाला हात लावला तवा कळलं, आत नळ करंगळीयेवढा चाललेला. मी घड्याळ लावून बसलो. अठरा मिनिटं. मग तू दारावर नखानं टकटक केलंस, मांजर खरवडल्यागत. पोरगी भाईर आली. केस कोरडे. गालावर फरशीचा चौकोन उमटलेला, आन त्याला कसलातरी ओला डाग. मला बघून तिनं गाल झाकला. पाया पडाय वाकली, तवा तो वास आला.

मी भंगारात हात घालणारा माणूस. मेलेली घूस पत्र्याखालनं काढून पुन्ना तिथंच बसून डबा खाल्लाय. पण काल मला मळमळलं, आन ते पोरीच्या वासानं न्हवं. तिघांमुळं मळमळलं. एक ते, कुलूप लावून वर शेजाऱ्याला दाखवणारे. एक तू, नळ सोडून बाहेर पहारा देणारी. आन एक मी. दाजींनी कुलूप मागितलं तवा मी दोन घटका इचार केला न्हाई, उलट पहारीनं उघडायचं न्हाई म्हणून मिशीला पीळ दिला.

पिशवीत आणलेल्या ड्रिलनं कुलूप काढलं ते तुमी सगळ्यांनी बघितलं. दाजी मधी आले न्हाईत. शांतपणे म्हणाले, "ही माझ्या घरातली वस्तू हाय." मी म्हणलं, "वस्तू तुमची, कुलूप माझं." पण तू काय म्हणालीस? "दादा, राहू दे. परीक्षा होऊ दे." आन पोरगी भिताडाकडं तोंड करून उभी.

मला तुझ्या घरात अन्न गोड लागलं नसतं, म्हणून निघालो.

जोतिबा

खंडाळा, ९ डिसेंबर

दादा,

तुझं पत्र यांच्या आधी माझ्या हातात पडलं, वाचलं आणि चुलीत घातलं. हो, आमची अजून चूल आहे, पाणी तापवायला.

तू कुलूप काढून गेलास. संध्याकाळी यांनी कोयंडा आणून ठोकला आणि साधं कुलूप लावलं. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं तसलं. एवढंच झालं. तुझा ड्रिल चालला, तुझं मन मोकळं झालं आणि तू एसटीत बसलास. नंतर चार दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. संयूला म्हणाले, मामानं तुझा एक दिवस खाल्ला.

मी नळ सोडते म्हणून तुला मळमळलं. मला रोज मळमळतं. फरशी मी फिनेलनं तीनदा पुसते, ती आत जायच्या आधी. संडासाच्या भांड्यावर झाकण नव्हतं, मी चुलीवरचं पातेल्याचं झाकण ठेवलं होतं. मग तेच घासून स्वयंपाकात घेता येईना, फेकून दिलं. नवऱ्याला नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून लेकीसाठी संडास स्वच्छ करत बसले. हे मला कळत नाही असं वाटतं का तुला?

पण वाईट माणूस नाही रे तो. तिला ताप आला तेव्हा रात्रभर पट्ट्या ठेवल्या यांनी. स्टुलावर बसवून.

हे शेवटचं वाक्य लिहिलं आणि परत वाचलं. तसंच ठेवते.

दीपमाला

खंडाळा, १६ डिसेंबर

दादा,

घाईत लिहिते.

यांनी नळाचा हिशेब धरला. टाकी लवकर का संपते म्हणून बघायला गेले आणि कळलं. मला वाटलं ओरडतील. नाही ओरडले. बाजारात जाऊन आले आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बाथरूमच्या दाराची आतली कडी काढली. चार स्क्रू होते. काढलेली कडी माझ्या हातात देऊन म्हणाले, "जपून ठेव, मे महिन्यात बसवू."

संयू सतरा वर्षांची आहे. काल ती अंघोळीला गेली आणि एका हातानं दार धरून एका हातानं पाणी घेत होती. मी बाहेर उभी होते. आता कुणाला काय सांगायला उभी होते, माहीत नाही. आतून तिनं विचारलं, "आई, तूच आहेस ना?" स्वतःच्या घरात, स्वतःच्या बापामुळे पोरगी विचारतेय.

मला एकदम या घरातल्या सगळ्याची शिसारी आली. त्यांच्या घडी घातलेल्या रुमालाची, करड्या रंगाची, भिंतीवरच्या वेळापत्रकाची. माझ्या हातात ती कडी होती. मी ती ओट्यावर ठेवली आणि जाऊन यांना सांगितलं, "शनिवारी मी संयूला घेऊन सांगलीला दादाकडे जाते." हे म्हणाले, "किती दिवस?" मी म्हणाले, "ते तिला विचारू."

शनिवारी दुपारपर्यंत पोचू. स्टॅंडवर येऊ नको, गर्दीत तुला हाक ऐकू येत नाही. आम्ही रिक्षानं येतो.

दीपमाला

खंडाळा, २६ डिसेंबर

श्री. जोतिबा यांस,

पाच दिवस झाले. फोन केला तर संयोगिता झोपली आहे असं उत्तर मिळतं. सकाळीही तेच, दुपारीही तेच. ही थट्टा समजावी काय? मी कोयंडा काढला आहे, कॅमेराही बंद केला आहे. दोन महिन्यांवर बोर्डाची परीक्षा आली. तिनं स्वतः मला फोन करावा. आपण मधे पडून एका मुलीचं आयुष्य वाया घालवत आहात, याची जाणीव ठेवा.

मानसिंग

कुपवाड, ३० डिसेंबर

दाजी,

थट्टा न्हाई. खरंच झोपलीय.

शनिवारी दुपारी तीनला आली. तिला खाट दिली तर तिच्या कडेला बसली, गादीला हात लावून बघितला आन उठली. म्हणाली, "मामा, मी खाली झोपू?" बायकोनं माजघरात मधोमध दोन वाकळा घातल्या. बूट काढायच्या आधी झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी उठली, भात खाल्ला, पुन्ना झोपली. डॉक्टर घरी येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, आजार कायबी न्हाई, झोपू द्या.

चौथ्या दिवसापास्नं जरा जागी असती. पुस्तकं मागून घेतलीत. दोन तास वाचती, तिथंच लवंडती. दिपा म्हणती, बोर्डाच्या परीक्षेला खंडाळ्यात नेऊन बसवीन, मुक्काम मैत्रिणीकडं. पुढचं पोरगी ठरवंल. दिपानं हे मला सांगितलं तवा पोरीसमोर सांगितलं, कुजबुजून न्हाई.

तुमच्या मनात तिचं चांगलं होतं, हे मी नाकारत न्हाई. म्हणूनच तुमचं नोव्हेंबरातलं पत्र वाचून किळस जास्त आली. वाईट माणसानं केलं आसतं तर मी दोन शिव्या देऊन मोकळा झालो आसतो.

तुमचं पत्र तिच्या उशाशी ठेवलंय. उठली की तिच्या हातात देतो. फोन करायचा का न्हाई ते ती बघंल. उठवणार मात्र न्हाई.

माझं घर काय मोठं न्हाई. दहा बाय बाराचं माजघर, त्यात पोरगी हात-पाय पसरून मधोमध. सगळी जागा तिनंच घेतलीया. स्वयंपाकघरात जायचं तर आमी भिताडाला पाठ लावून कडंकडंनं जातोय.

जोतिबा